तारेवर कान ठेवून लिहिलेला सर्व्हर

अँड्र्यू ट्रिजेल १९९१ साली कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करत होते. डॉसच्या पीसीवरून युनिक्स मशीनवरच्या फाइली उघडता याव्यात, एवढीच त्यांची गरज. पीसीवर डिजिटल कंपनीचं पाथवर्क्स होतं, पण ते सर्व्हरशी नेमकं काय बोलतं ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तारेवरून जाणारी पॅकेट्स पकडली, प्रश्न-उत्तरांचा मेळ लावला आणि तशीच उत्तरं देणारा सर्व्हर लिहिला. ही भाषा मूळची आयबीएमची आणि पुढे मायक्रोसॉफ्टनं वाढवलेली एसएमबी आहे, हे त्यांना नंतर कळलं. हाच आजचा सांबा.

तो लिनक्सवर बसवायला फारसं लागत नाही. एसएमबी डॉट कॉन्फ या फाइलीत चौकोनी कंसात शेअरचं नाव, खाली फोल्डरचा पाथ, कोणाला प्रवेश, लिहू द्यायचं की नाही. टेस्टपार्म चालवून चुका बघायच्या, फायरवॉलमध्ये ४४५ नंबरचा पोर्ट उघडायचा. विंडोजवर शेअर दिसतो, आणि पासवर्ड बरोबर टाकूनही आत घेत नाही!

कारण विंडोज पासवर्ड जसाच्या तसा पाठवत नाही, आणि लिनक्सकडे साठवलेला पासवर्डचा हॅश वेगळ्या जातीचा. म्हणून सांबा स्वतःची वेगळी नोंद ठेवतो. एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडनं ती प्रत्येकासाठी करावी लागते. त्यानंतरही फाइल सेव्ह होत नसेल, तर फोल्डरची परवानगी बघा. शेअरनं हो म्हटलं तरी लिनक्सनं नाही म्हटलं की संपलं. इथे वैतागून सगळ्यांना सगळं मोकळं करणारी ७७७ परवानगी ठोकणारे पुष्कळ. त्यापेक्षा एक ग्रुप करावा, फोल्डर त्याच्या नावावर करून सेटजीआयडी लावावा. नव्या फाइली आपोआप त्याच ग्रुपच्या होतात.

ऐकून शिकण्याचे दिवस पुढे सरले. अशी माहिती स्पर्धकांना न देण्यावरून युरोपियन कमिशनशी चाललेला खटला मायक्रोसॉफ्ट २००७ मध्ये हरलं आणि त्याच डिसेंबरात सांबाच्या मंडळींना १०,००० युरोंत अधिकृत कागदपत्रं मिळाली. २०१२ मध्ये आलेला सांबा ४ विंडोज नेटवर्कमधली खाती सांभाळणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलरही होऊ शकतो.

एसएमबीची पहिली आवृत्ती मात्र आता धोक्याची. खंडणी मागणारा वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम २०१७ मध्ये विंडोजमधल्या तिच्याच भगदाडातून पसरला. सांबानं २०१९ पासून ती मुळातच बंद ठेवली आहे. जुना स्कॅनर त्यामुळे अडला, तर ती पुन्हा चालू करण्याआधी स्कॅनर ईमेलनं फाइल पाठवतो का ते बघावं; बहुतेक पाठवतात.