चप्पल बेटावर कशी पोचते

देहूरोडला पडलेला पाऊस दोन नद्या वाटून घेतात. उत्तरेकडचे ओढे इंद्रायणीला मिळतात, दक्षिणेकडचे पवनेला. इंद्रायणी तुळापूरला भीमेत शिरते. पवना दापोडीला मुळेत मिसळते आणि पुण्यातून तेही पाणी शेवटी भीमेतच जातं. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे इथल्या नाल्यात पडलेल्या स्लिपरचा समुद्र मुंबईचा नव्हे, आंध्रचा. तोही हजाराहून जास्त किलोमीटर लांब.

तिथवर ती सहसा पोचत नाही. उन्हाळाभर कोरड्या नाल्यात कॅरीबॅगा, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल साचत राहतं आणि जूनच्या पहिल्या दमदार पावसात ते सगळं एकदम नदीत उतरतं. पूर ओसरल्यावर काठच्या बाभळींकडे पाहावं: पाणी कुठवर चढलं होतं, ते फांद्यांना लोंबणाऱ्या पिशव्याच सांगतात. उरलेलं बंधाऱ्याशी जलपर्णीत अडकतं. त्यातूनही निसटलं, तर पुढे उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर. यात समाधान मानण्यासारखं काही नाही, कारण सोलापूरकर पितात ते पाणी उजनीचंच.

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर मात्र सगळं उलटतं. कुरवंड्याजवळची इंद्रायणी पूर्वेला निघते, तर राजमाचीच्या डोंगरांतून येणारी उल्हास पश्चिमेला. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती जेमतेम सव्वाशे किलोमीटरांत वसईच्या खाडीला लागते, आणि तिच्या मुख्य प्रवाहावर उजनीसारखं धरण नाही. 2021 साली जगभरच्या नद्यांचा हिशेब मांडणारा एक अभ्यास आला. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे 80 टक्के हजारभर नद्या ओततात, आणि शहरांतून जाणाऱ्या आखूड नद्यांचा त्यात मोठा वाटा आहे, असा त्याचा अंदाज. या नद्यांच्या यादीत उल्हासचं नाव बरंच वर आहे. दरीच्या कठड्यावरून वेफर्सचं पाकीट खाली सोडणाऱ्या पर्यटकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

खाडीतून बाहेर पडल्यावर कोण किती लांब जाणार, हे वजनावर ठरतं. पिशव्या आणि बाटल्यांची झाकणं ज्या प्लास्टिकची असतात, ते पाण्याहून हलकं. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक जड, त्यामुळे झाकण घट्ट असेल तोवरच बाटली तरंगते. फोमची चप्पल मात्र पक्की तरंगणारी. पावसाळी वारा यातलं बरंचसं जुहू-वर्सोव्याच्या वाळूवर परत आणून टाकतो. त्याच दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेला वाहतो आणि पुढे श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरतो. त्याला सापडलेली वस्तू कुठल्या बेटाला लागेल, सांगता येत नाही.

ग्रेट निकोबारच्या पाच किनाऱ्यांवर संशोधकांनी बाटल्यांवरची लेबलं वाचली. परदेशी बाटल्यांत सर्वाधिक निघाल्या मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंडच्या. हिंद महासागरातल्या कोकोस बेटांवर तर माणसं जेमतेम सहाशे. तिथे 2019 च्या अभ्यासात 41 कोटी 40 लाख तुकडे असल्याचा अंदाज निघाला. त्यात चपला-बूट सुमारे पावणेदहा लाख, टूथब्रश पावणेचार लाखांच्या जवळपास. यातला 93 टक्के कचरा वाळूखाली, दहा सेंटीमीटरपर्यंतच्या थरात होता. तापलेल्या वाळूवर उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, त्याचे तुकडे पडतात आणि ते वाळूत मिसळतात. वरवर पाहणाऱ्याला किनारा आहे त्याहून स्वच्छ वाटतो.

शंखातला खेकडा या कचऱ्यात कसा मरतो, ते पाहण्यासारखं आहे. वाळूत तिरक्या रुतलेल्या बाटलीत तो तोंडाशी असलेल्या उतारावरून शिरतो. परत येताना गुळगुळीत आतल्या बाजूवर पाय घसरतात. तो आत मरतो आणि त्याचा वास सुटतो. या जातीत मेलेल्याचा वास म्हणजे एक शंख रिकामा झाल्याची खबर, त्यामुळे घराच्या शोधातले इतर खेकडे त्याच बाटलीकडे येतात. कोकोस आणि प्रशांत महासागरातलं हेंडरसन मिळून असे सुमारे पावणेसहा लाख खेकडे अडकले असावेत, असा अंदाज आहे.

साफसफाईचा हिशेब सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावर मांडला गेला. 2019 मध्ये स्वयंसेवकांनी तिथून 25 टन कचरा उचलला. सुमारे 500 टन तरीही उरला. तो काढायला एका माणसाचे 18,000 तास आणि 46 लाख डॉलरहून जास्त खर्च येईल, असं त्यांचं गणित. तेही वाळूखालचं न धरता. वाळू उपसली तर तिच्यातली कासवांची अंडीही जातात. आपल्याकडे तोच माल मे महिन्यात कोरड्या नाल्यात पडलेला असतो, आणि तो उचलायला फावडं, घमेलं नि पावसाआधीचे दोन-चार दिवस पुरतात.