पडद्याविना चालणारा ब्राउझर

'२०२४-०१-१५' अशी नुसती तारीख जावास्क्रिप्टच्या हाती दिली, की ती जागतिक प्रमाणवेळेनुसार त्या दिवसाची मध्यरात्र धरते. पुण्यातल्या संगणकावर तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे पडद्यावर १५ जानेवारीच दिसते. कॅलिफोर्नियातल्या ग्राहकाला मात्र १४ तारीख दिसते, कारण तिथे आदल्या दिवसाची दुपार चालू असते. हा दोष पुण्यात बसून कितीही वेळा पान उघडलं तरी सापडत नाही.

अशा चुका पकडायला युनिट टेस्ट असतात. प्रोग्रामचा एक छोटा तुकडा घ्यायचा, ठरावीक माहिती द्यायची आणि अपेक्षित उत्तर येतं का ते बघायचं. अडचण एवढीच, की वेबसाइटचा बराच कोड ब्राउझरशिवाय चालत नाही, आणि रात्रंदिवस चाचण्या चालवणाऱ्या सर्व्हरला पडदाच जोडलेला नसतो. लिनक्सवर 'एक्सव्हीएफबी' नावाचा खोटा पडदा उभारून लोक वेळ मारून नेत.

२०११ मध्ये आरिया हिदायत यांनी 'फँटमजेएस' आणलं. हा वेबकिट इंजिनावरचा, खिडकी न उघडणारा ब्राउझर. आज्ञा द्यायची, तो पान उघडणार, चाचण्या चालवणार, निकाल सांगणार. 'जॅस्मिन'मध्ये चाचण्या लिहायच्या आणि 'कर्मा'कडून त्या फँटममध्ये चालवायच्या, ही अनेक टीमची घडी बसली.

पण फँटम वापरून वेबसाइट बघणारा ग्राहक जगात कुठेच नव्हता! त्याचं इंजिन मागे पडत गेलं. 'बाइंड' ही जावास्क्रिप्टमधली साधी सोय २००९ च्या प्रमाणकात आली होती. फँटमच्या पहिल्या आवृत्त्यांना ती ठाऊकच नव्हती. क्रोममध्ये व्यवस्थित चालणारा कोड चाचणीत आपटायचा आणि प्रोग्रामर केवळ फँटमची समजूत घालायला जादा कोड जोडायचे. वैताग होता तो.

२०१७ मध्ये गूगलने क्रोमच्या ५९ व्या आवृत्तीत हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालण्याची, सोय दिली. ती येणार हे कळताच, एप्रिलमध्येच, फँटमची देखभाल करणारे विताली स्लोबोदिन यांनी काम सोडलं. पुढच्या वर्षी प्रकल्पही थांबला. फार क्वचित एखादा प्रकल्प इतक्या सरळपणे बाजूला होतो. क्रोमला आज्ञा देण्यासाठी गूगलचं 'पपेटियर' २०१७ मध्येच आलं, मायक्रोसॉफ्टचं 'प्लेराइट' २०२० मध्ये.

गंमत म्हणजे हेडलेस क्रोमही बरीच वर्षं नेहमीच्या क्रोमहून वेगळा लिहिलेला होता. २०२३ मध्ये, ११२ व्या आवृत्तीत, नवा हेडलेस मोड आला आणि खिडकीचा आणि बिनखिडकीचा क्रोम एकाच कोडवर चालू लागला.

तारखेच्या त्या दोषाचा बंदोबस्त आता सोपा आहे. प्लेराइटला चाचणीपुरता टाइमझोन 'लॉस एंजेलिस' असा सांगायचा. सर्व्हर मुंबईत असो वा आयर्लंडमध्ये, पान अमेरिकेत उघडल्यासारखं वागतं आणि १४ तारीख दिसताच चाचणी लाल होते. नवा कोड जमा झाला, की हे सगळं आपोआप घडतं, कुणाला बटण दाबावं लागत नाही.

आयफोनचं दुखणं मात्र उरलंय. प्लेराइट सफारीचं वेबकिट इंजिन चालवतं, पण ते म्हणजे ॲपलचं सफारी नव्हे. व्हिडिओ चालवण्यासारख्या बाबतीत दोघांचं वागणं वेगळं निघू शकतं, म्हणून ग्राहकांत आयफोनवाले असतील तर शेवटची तपासणी खराखुरा फोन हातात घेऊनच करावी लागते.