लांबच्या सफरीआधी टायरचा हिशेब

जून महिना जवळ आला, की मुंबई-पुण्याच्या अनेक दुचाकीस्वारांना लेह-लडाखचे वेध लागतात. मनाली ते लेह हा रस्ता बर्फ हटवून खुला होतो आणि मग रजेचे अर्ज, सामानाच्या याद्या, मुक्कामांची आखणी यांना वेग येतो. इंजिनाचे ऑइल बदलले जाते, साखळी ताणून घेतली जाते, ब्रेक तपासले जातात. टायरपाशी आले की मात्र निर्णय अडतो. टायर पार गोटा झालेला असेल तर प्रश्नच उरत नाही. नवा असेल तरीही नाही. अडचण असते ती निम्म्या झिजलेल्या टायरची. 'अजून चालेल' असे मेकॅनिक सांगतो आणि त्याचे म्हणणे खरेही असते. पण ते शहरातल्या रोजच्या वापरापुरते खरे असते. लांबच्या सफरीसाठी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : प्रवासाच्या शेवटच्या दिवशी हा टायर कोणत्या अवस्थेत असेल?

खाचा कशासाठी असतात?

कोरड्या, स्वच्छ डांबरावर पकड मिळते ती रबरामुळे. नक्षीचा वाटा तिथे कमी असतो. म्हणूनच शर्यतीच्या मोटारसायकलींना कोरड्या दिवशी बिनखाचांचे टायर लावतात. खाचांचे खरे काम पावसात सुरू होते. टायर आणि रस्ता यांच्यामधले पाणी त्यांतून बाहेर फेकले जाते. खाचा उथळ झाल्या की पाण्याला वाट मिळत नाही, वेग वाढताच टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि ब्रेक व हँडल दोन्ही निरुपयोगी ठरतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरच्या खाचांची खोली किमान ०.८ मिलिमीटर असायला हवी. मर्यादा जवळ आल्याची खूण टायरवरच असते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात आणि ते कोठे आहेत हे दाखविणारा बाण, त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे टायरच्या बाजूला कोरलेली असतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली, की टायरचे आयुष्य संपले. मात्र ही कायद्याची शेवटची रेषा आहे. भर पावसातील पकड ती रेषा येण्याच्या बरीच आधी कमी झालेली असते.

वजाबाकी करून पाहा

खोली मोजण्याचे छोटे उपकरण टायरच्या दुकानात मिळते. ते खाचेत उभे धरून, टायरच्या मध्यभागी आणि दोन्ही कडांना, दोन-तीन ठिकाणी मोजमाप घ्यावे. सर्वांत कमी आलेला आकडा खरा मानावा.

समजा, मागच्या टायरची खाच नवेपणी ७ मिलिमीटर होती आणि ९,००० किलोमीटरनंतर ती ४ मिलिमीटर उरली आहे. म्हणजे दर ३,००० किलोमीटरला १ मिलिमीटर झीज झाली. मुंबईहून लेहला जाऊन परत येण्यास साधारण पाच हजार किलोमीटर होतात. या वेगाने १.७ मिलिमीटर झीज होईल. परंतु मागे सहप्रवासी, दोन्ही बाजूंना लादलेले सामान, गुजरात-राजस्थानातील जूनचे तापलेले डांबर आणि पुढे डोंगरातील खडी हे सारे झीज वाढविणारेच आहे. ती दीडपट धरली, तर २.५ मिलिमीटर जातील आणि घरी परतताना हातात दीड मिलिमीटर उरेल. कायद्याने हा टायर वैध आहे. पण परतीचा दिवस कोणता? जूनअखेर किंवा जुलै, म्हणजे महाराष्ट्रात ऐन पावसाळा. सर्वांत थकलेला स्वार, सर्वांत झिजलेला टायर आणि सर्वांत ओला रस्ता, या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी एकत्र येतात.

म्हणून सोपा नियम असा करावा : सफरीच्या शेवटी २ मिलिमीटरपेक्षा कमी खोली उरण्याचा अंदाज असेल, तर टायर निघण्यापूर्वीच बदलावा. हाच टायर घेऊन मुंबई-गोवा अशी बाराशे किलोमीटरची सफर करायची असेल, तर दीडपट झीज धरूनही जेमतेम ०.६ मिलिमीटर खर्ची पडतील. तिथे बदलण्याची गरज नाही. टायर एकच, पण अंतर बदलले की उत्तर बदलते.

आकार आणि वय

खोली पुरेशी असली तरी दोन गोष्टी पाहणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे टायरचा आकार. महामार्गावर सरळ धावून मागचा टायर मध्यभागी चपटा होतो. सरळ रस्त्यावर हे जाणवत नाही. परंतु घाटात गाडी झुकविताना चपट्या भागाची कड ओलांडताच ती एकदम आडवी पडू पाहते. मनाली-लेह मार्गावर गाटा लूप्सची लागोपाठची एकवीस वळणे आहेत. तिथे हा स्वभाव फार महागात पडू शकतो. पुढचा टायर सावकाश झिजतो, पण ब्रेकच्या ताणाने त्याची झीज खालीवर होते. नक्षीवरून हात फिरविल्यास करवतीसारखे दाते लागतात.

दुसरी गोष्ट वयाची. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष दाखवितात. '२३२१' म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ऊन, ऑक्सिजन व ओझोन यांमुळे रबर हळूहळू कडक होते. त्यापासून बचाव करणारी द्रव्ये रबरात मिसळलेली असतात, पण टायर फिरत व दबत राहिला तरच ती पृष्ठभागावर येतात. त्यामुळे महिनोन् महिने इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला नक्षी शाबूत असूनही बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर वापरूच नये, असे अनेक उत्पादक सांगतात. लांबच्या सफरीवर पाच वर्षांहून जुना, भेगाळलेला टायर नेऊ नये. बाजूला फुगवटा, खोल चीर किंवा आतील दोरे दिसत असतील, तर हिशेब करण्याचेही कारण नाही. तो टायर तत्काळ काढावा.

बदलायचा, तर केव्हा?

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी टायर बदलणे ही सर्रास आढळणारी घाई आहे. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर त्याची पूर्ण पकड मिळत नाही. शिवाय रिमवर नीट न बसलेला टायर, चिमटलेली ट्यूब, सावकाश उतरणारी हवा हे दोष चार दिवसांच्या वापरानंतर उघड होतात. ते घराजवळ कळलेले बरे. त्यासाठी किमान दोन आठवडे हाताशी ठेवावेत. टायर ट्यूबचा असेल तर ट्यूबही नवी घालावी. मोजमाप, भारक्षमता व वेगमर्यादेची खूण कंपनीने सांगितल्याप्रमाणेच असावी आणि बाजूवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे स्वतः पाहावे. विकत घेताना चार अंकी तारीखही वाचावी. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून गळ्यात पडू शकतो.

'रस्त्यात लागलाच तर घेऊ' हा विचार महामार्गावर एक वेळ चालेल. परंतु एकवीस इंची पुढचे चाक असलेल्या गाडीचा टायर प्रत्येक गावात मिळेल याचा भरवसा नाही, आणि चार-पाच हजार मीटर उंचीवरील खिंडींच्या रस्त्यावर तर दुकानच नसते.

राहिला प्रश्न पैशाचा. निम्मा शिल्लक टायर काढून टाकणे अनेकांच्या जिवावर येते आणि ते स्वाभाविक आहे. मात्र तो फेकण्याची आवश्यकता नाही. वय कमी असेल आणि इजा नसेल, तर उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवून परतल्यावर पावसाळा संपला की पुन्हा बसवावा आणि उरलेली नक्षी रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांत वापरावी. खर्च होतो तो केवळ काढण्या-घालण्याच्या मजुरीचा. नवा टायर मग पुढच्या सफरीसाठी राहतो. मागे बसणाऱ्या माणसाचा विचार केला, तर ही मजुरी अगदीच थोडी आहे.