साखर मोजता, मनाचं काय?

मधुमेह म्हटलं की आपण गोळ्या, पथ्य आणि चालणं यांबद्दल बोलतो. आज बोलूया हा आजार सांभाळून थकलेल्या मनाबद्दल.

मधुमेहाला सुट्टी नसते. घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक करायचा आणि स्वतःच्या ताटात मोजून वाढायचं. हळदीकुंकवाला पेढा घेतला की चार जणी टोकणार. रिपोर्टमध्ये साखर वाढलेली दिसली की डॉक्टर बोलणार, घरचेही बोलणार. मग एक दिवस वाटतं, नकोच ती तपासणी. हा आळस नव्हे. रोजच्या सांभाळण्याचा हा ताण आहे. नैराश्य याहून वेगळं. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास राहतं, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडते. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा साधारण दुप्पट आढळतं.

अशा वेळी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ मदत करतात. ती कशी, ते पाहू.

समजा, लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या. मन म्हणतं, ‘गेलं सगळं, मला पथ्य जमणारच नाही.’ मग रात्रीची गोळी राहते, दुसऱ्या दिवशीचं चालणंही राहतं. साखर जास्त बिघडते ती या विचारामुळे. समुपदेशक तो विचार कागदावर लिहायला सांगतात आणि विचारतात, दोन जिलब्यांनी महिन्याची मेहनत खरंच वाया गेली का? एचबीएवनसी तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, एका जेवणाचा हिशेब नाही. मग विचार बदलतो, ‘आज जास्त झालं, आता गोळी वेळेवर घेऊ.’ पुढच्या आठवड्यासाठी एकच छोटं काम ठरतं, जसं जेवणानंतर दहा मिनिटं चालायचं. या पद्धतीला सीबीटी म्हणतात. कधी नवऱ्याला, सासूबाईंनाही सोबत बोलावतात, म्हणजे टोकण्याऐवजी मदत कशी करायची ते त्यांना कळतं.

याचा उपयोग होतो का? दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथे मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ जणांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना नेहमीच्या उपचारांसोबत मनाला आधार देणारे, पाठपुरावा करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते मिळाले. २०२० साली निष्कर्ष आले. नैराश्य निम्म्याने कमी होऊन साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही सुधारलेल्यांचं प्रमाण या गटात जास्त होतं. औषधं मात्र चालूच ठेवायची. समुपदेशन त्यांच्या जोडीला असतं.

आणखी एक. अचानक हात थरथरणं, घाम, छातीत धडधड हे भीतीनेही होतं आणि साखर उतरल्यानेही. आधी साखर मोजा. ७० पेक्षा कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मशीन जवळ नसेल तर वाट न पाहता साखर घ्या.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना एवढंच सांगा, ‘साखर सांभाळून मन थकलंय.’ जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. घराबाहेर पडणं अवघड असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. जगणं नको वाटू लागलं तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि हा फोन लावा.