लाळ्या-खुरकुतास पेनिसिलिन कां लागू पडत नाहीं?

त्र्यंबकेश्वराच्या डोंगरपट्ट्यांत पावसाची झड लागली म्हणजे तेथील डांगी गुरें भिजत चरतात. कातडी तेलकट असल्यामुळें पाऊस त्यांस फारसा बाधत नाहीं. रोग मात्र बाधतो. मग ‘एक इंजेक्शन टोचा’ असा आग्रह सुरू होतो. तें कोठें चालतें व कोठें नाहीं, हें आमच्या शेतकरी बंधूंनीं जाणणें अगत्याचें आहे. कारण त्यांत पैसा जातो आणि कधीं जनावरही जातें.

घटसर्प हा जीवाणूंचा रोग. जीवाणु स्वतंत्र सजीव असतो. बहुतेक जीवाणूंच्या देहाभोंवतीं ताठ भिंत असते, आणि आंत प्रथिनें बनविण्याची स्वतःची सामग्री असते. पेनिसिलिन ती भिंत नीट बांधूं देत नाहीं, म्हणून जीवाणु वाढतांना फुटून मरतो. टेट्रासायक्लिन प्रथिनांचें काम बंद पाडतें. जनावराच्या पेशीस अशी भिंत नसते व तिची प्रथिनांची घडणही निराळी असते, म्हणून शत्रु मरतो आणि जनावर वांचतें.

लाळ्या-खुरकूत व लम्पी हे विषाणूंचे रोग. विषाणु जनावराच्याच पेशींत शिरतो आणि तिच्याच सामग्रीवर आपल्या प्रती काढवून घेतो. आंब्यावरच्या बांडगुळास निदान स्वतःचीं हिरवीं पानें असतात. विषाणूस तेवढेंही नाहीं. जेथें भिंतच नाहीं तेथें पेनिसिलिन पाडणार काय?

लम्पीच्या गांठी फुटल्यावर किंवा खुरांतील जखमा चिघळल्यावर डॉक्टर प्रतिजैविक देतात, ती चूक नव्हे. मागाहून जखमेंत शिरलेल्या जीवाणूंसाठीं तें असतें. पण जनावर उठलें कीं श्रेय इंजेक्शनास मिळतें, आणि पुढच्या खेपेस घरचे लोकच बाटली आणून टोचतात. अशा अवेळीं व अपुऱ्या मात्रेनें दुबळे जीवाणु मरतात, औषधास दाद न देणारे उरतात व वाढतात. उद्यां खरा घटसर्प आला, ज्यांत जनावर एका दिवसांतही दगावतें, तर तेंच औषध फोल ठरण्याचें भय असतें.

विषाणूवर खरा भरंवसा लशीचा. बुळकांडी 2011 सालीं जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें, तें लशीच्या जोरावर. 2022 सालीं लम्पी महाराष्ट्रांत पसरली तेव्हां शेळ्यांच्या देवीची लस गुरांस टोचण्यांत आली, कारण दोन्ही विषाणु एकाच कुळांतले. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनीं द्यावी. घटसर्पाचीही लस आहे, ती मृगापूर्वीं टोचून घ्यावी. गळा सुजल्यावर मात्र तिची वाट न पाहतां त्याच घटकेस डॉक्टर गांठावा.