‘संशोधनातून सिद्ध झालंय’ म्हणे! मोबाईलवर तपासायचं कसं?

फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘संशोधकांनी हे सिद्ध केलं आहे.’ कुठल्या संशोधकांनी, कधी, कसं, याचा पत्ता नसतो. कधी तो मेसेज हळदीबद्दल असतो, कधी महाभारतात अमुक लिहिलंय असा असतो, तर कधी ‘आजची तरुण पिढी इतके टक्के एकटी पडली आहे’ असा.

तिन्ही मेसेज एकाच सुरात लिहिलेले असतात. पण हळदीचा दावा प्रयोग करून तपासतात, महाभारताचा जुनी हस्तलिखितं उघडून, आणि तरुण पिढीचा माणसांना भेटून, विचारून. शब्द एकच, ‘संशोधन’, पण त्यामागचं काम पार वेगळं. त्यामुळे खरं-खोटं करायची रीतही विषयाप्रमाणे बदलते. हे एकदा डोक्यात बसलं की असा मेसेज तपासणं पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्याला लॅपटॉपही लागत नाही.

आधी मूळ पेपर गाठा

बातमी किंवा रील म्हणजे संशोधन नव्हे. मूळ पेपर सापडला पाहिजे. गुगल स्कॉलर उघडा आणि दाव्यातले मुख्य शब्द टाका. इंग्रजीत टाकलेत तर जास्त सापडेल, हे खटकतं पण खरं आहे. पेपरच्या नावाखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असं बारीक अक्षरात दिसतं, त्यावर टॅप करा. जर्नलच्या साईटवर पैसे मागत असतील तरी लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साईटवर ठेवलेली फुकट पीडीएफ तिथे बऱ्याचदा मिळून जाते.

प्रत्येक पेपरला सहसा एक डीओआय नंबर असतो, १० या आकड्याने सुरू होणारा. हा त्या पेपरचा कायमचा पत्ता. साईट बदलली, लिंक तुटली, तरी डीओआय डॉट ओआरजीवर हा नंबर टाकला की तुम्ही योग्य पानावर पोहोचता.

कॉलेजमध्ये असाल तर आणखी एक सोय आहे आणि ती अनेकांना माहीतच नसते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स सरकारी विद्यापीठं आणि संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना वाचता येतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का आणि लॉगिन कसं मिळेल, हे लायब्ररीत विचारा.

विज्ञान: पुन्हा मोजलं तर तेच येतं का?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत गुरुत्वीय लहरींचा पहिला सिग्नल पकडला गेला. तो जेमतेम ०.२ सेकंदाचा होता. त्या लहरीने चार किलोमीटर लांबीच्या नळीत जो फरक पडला, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतका. एवढ्याशा हालचालीवर विश्वास का ठेवायचा? कारण एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटर लांब असलेल्या दोन यंत्रांना तो जवळजवळ एकाच क्षणी दिसला. तरी जाहीर करायला २०१६ चा फेब्रुवारी उजाडला. मधले महिने ‘हा आवाज ट्रकचा, विजेचा, यंत्राच्या बिघाडाचा तर नाही ना’ हे खोडून काढण्यात गेले. पेपरवर हजाराहून जास्त लेखकांची नावं आहेत आणि पुण्याच्या आयुकातल्या संशोधकांचाही त्या कामात वाटा होता. त्याच प्रकारची वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे.

मुद्दा असा, की विज्ञानात एकाने केलेली मोजणी दुसऱ्याला करता आली पाहिजे. लायगोचा डेटा तर कुणालाही डाउनलोड करता येतो. म्हणून वैज्ञानिक दावा दिसला की बघायचं: दुसऱ्या कुणी हेच करून पाहिलंय का? प्रयोग माणसांवर केलाय, उंदरांवर, की नुसता परीक्षानळीत?

इथे एक खाचखळगा आहे, त्याचं नाव प्रीप्रिंट. जर्नलमध्ये छापण्याआधी त्याच विषयातले दुसरे अभ्यासक पेपर वाचून चुका काढतात, त्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. त्याला वेळ लागतो. म्हणून संशोधक आधीच पेपर इंटरनेटवर टाकतात. भौतिकशास्त्रात ही पद्धत १९९१ पासून ‘आर्काइव्ह’ या साईटवर सुरू आहे आणि ती उत्तम चालते, कारण वाचणारे बहुतेक जाणकार असतात. कोरोनाच्या काळात मात्र असेच पेपर थेट व्हॉट्सॲपवर आले. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या काही संशोधकांनी कोरोना विषाणूत एचआयव्हीशी जुळणारे तुकडे सापडल्याचा प्रीप्रिंट टाकला. जगभरातल्या अभ्यासकांनी लगेच दाखवून दिलं, की इतके छोटे तुकडे इतर कितीतरी विषाणूंमध्येही सापडतात. लेखकांनी दोन दिवसांत तो मागे घेतला. पण ‘विषाणू लॅबमध्ये बनवला’ हा मेसेज आजही फिरतो. मागे घेतल्याची बातमी कुणी फॉरवर्ड करत नाही!

छापून आलेला पेपरसुद्धा मागे घेतला जाऊ शकतो. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा पेपर १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नावाजलेल्या जर्नलमध्ये आला होता, फक्त १२ मुलांवर आधारलेला. २०१० मध्ये लॅन्सेटने तो रद्द केला. अशा पेपरच्या पानावर ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का दिसतो. पीडीएफ कुणी पाठवली असेल तर त्यात तो नसेलही, म्हणून जर्नलचं पान उघडून बघायचं.

समाज: विचारलं कुणाला?

आता दुसरा मेसेज. ‘इतके टक्के तरुण एकटे आहेत.’ इथे प्रोटॉन नाही, माणसं आहेत, आणि माणसं प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतात. सासू शेजारी बसलेली असताना सून जे सांगेल ते वेगळं.

देशातल्या सर्वांत मोठ्या पाहण्यांपैकी एक, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, मुंबईतल्या आयआयपीएस या संस्थेकडून होते. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरांमध्ये लोक पाठवून माहिती घेतली. ७ लाखांहून अधिक स्त्रिया आणि १ लाखाहून अधिक पुरुष त्यात होते. घरं कुणाच्या ओळखीने निवडली नाहीत, ठरलेल्या पद्धतीने चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्याचं चित्र मिळतं. तुमच्या जिल्ह्याची फॅक्टशीट काही पानांची पीडीएफ आहे, एकदा बघाच. किती मुलींची लग्नं १८ वर्षांच्या आधी झाली, हे आपल्याच जिल्ह्याच्या नावासमोर वाचताना आकडा नुसता आकडा राहत नाही.

याउलट इन्स्टावरच्या पोलला लाखभर लोकांनी उत्तर दिलं तरी तो त्या अकाउंटच्या फॉलोअर्सचा कौल, महाराष्ट्राच्या तरुणांचा नव्हे. मोठा आकडा म्हणजे चांगली पाहणी असं नसतं.

आणि लहान आकडा म्हणजे वाईट, असंही नसतं. समाजाचा अभ्यास करणारे कधी कधी एकाच वस्तीत वर्षभर राहून तीस-चाळीस लोकांशी बोलतात. त्यातून टक्केवारी काढता येत नाही, पण ‘असं का घडतं’ हे कळतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्यात गावोगावच्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलंय आणि ते वेबसाईटवर ऐकता येतं. हेडफोन लावून दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांतली माणसं ऐका. त्यानंतर ‘शुद्ध मराठी’ या विषयावर कमेंट करताना हात जरा थांबेल.

कला आणि ग्रंथ: इथे प्रयोग होत नाही, मग पुरावा कुठला?

‘बीए करून कसलं संशोधन?’ हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. त्यांना भांडारकर संस्थेचं काम दाखवा.

महाभारताची हस्तलिखितं देशभर विखुरलेली होती आणि दोन पोथ्या सारख्या नव्हत्या. शतकानुशतकं हाताने नकला करताना कुणी ओळ गाळली, कुणी गोष्ट घातली. मग मूळच्या जवळचा पाठ कोणता? पुण्यातल्या या संस्थेने १९१९ मध्ये काम हाती घेतलं आणि १९६६ मध्ये पूर्ण केलं. १,२५९ हस्तलिखितं जमा झाली: काश्मीरची शारदा लिपी, बंगाली, नेपाळी, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. एकेक श्लोक घेऊन प्रत्येक पोथीत तो कसा आहे हे शेजारी-शेजारी मांडलं. १९२५ पासून मुख्य संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी या कामाला शिस्त लावली. तर्क साधा पण भक्कम होता. काश्मीर आणि केरळ एकमेकांपासून इतके लांब, की एकाची नक्कल दुसऱ्याने केली असण्याची शक्यता कमी. तरीही दोन्हीकडे ओळ सारखी असेल, तर ती जुनी असणार. लायगोच्या दोन लांबच्या यंत्रांसारखाच हा विचार आहे, फक्त यंत्रांच्या जागी पोथ्या.

यातून निघालं काय? व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपली सगळ्यांची आवडती गोष्ट मुख्य पाठातून परिशिष्टात गेली, कारण ती सर्वत्र सापडत नव्हती. संपादकांनी ती लपवली नाही, पुसलीही नाही. पानाच्या खालच्या भागात पाठभेद दिलेले असतात. निवड पटली नाही तर पुरावा समोर आहे, तुम्ही वेगळं म्हणा. म्हणून ‘महाभारतात लिहिलंय’ असा मेसेज आला की विचारायचं: कुठल्या पर्वात, कुठल्या अध्यायात, कुठल्या आवृत्तीत?

एकच माणूस, सगळीकडे

या भिंती किती पातळ आहेत हे बघायचं तर दामोदर धर्मानंद कोसंबींकडे बघा. १९०७ मध्ये गोव्यात जन्म, मूळ पेशा गणिताचा. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावर जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. ते ‘कोसंबी फंक्शन’ नावाने आजही जनुकशास्त्रात वापरतात. याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांच्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि भारताच्या इतिहासावर पुस्तकं लिहिली.

आणि नाणी तोलली. हातात फिरून फिरून नाणं झिजतं, म्हणजे जितकं जास्त वापरात तितकं हलकं. ही झीज नेमकी कशी होते हे समजायला त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणीही वजन करून पाहिली, आणि मग तेच गणित तक्षशिलेच्या प्राचीन नाण्यांना लावलं. कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची, हे तराजूने सांगितलं. इतिहासाचा प्रश्न, उत्तर सांख्यिकीचं.

चॅटबॉट, पैसे मागणारी जर्नल्स आणि शोधगंगा

चॅटबॉटला ‘या विषयावरचे पेपर सांग’ म्हटलं, की तो कधी कधी अस्तित्वातच नसलेला पेपर सांगतो, लेखकाच्या नावासकट. प्रोजेक्टमध्ये टाकण्याआधी प्रत्येकाचा डीओआय उघडून बघा. भलतंच पान उघडलं किंवा काहीच उघडलं नाही, तर तो संदर्भ सोडून द्या.

‘पैसे भरा, दोन दिवसांत पेपर छापतो’ असे ईमेल एमए-एमएस्सीच्या मुलांना येतात. दोन दिवसांत पीअर रिव्ह्यू होत नाही, म्हणजे तो होतच नाही. असं जर्नल डीओएजे या खुल्या जर्नलांच्या यादीत आहे का ते बघा आणि पैसे भरायच्या आधी गाईडला दाखवा. तसंच कुणी लेखकांच्या पेपरची संख्या मोजून मोठेपणा ठरवत असेल तर लक्षात ठेवा, हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या एका पेपरवर ५,१५४ नावं आहेत आणि इतिहासाचं एखादं पुस्तक एकटा माणूस दहा वर्षं लिहितो. ही तुलना होऊच शकत नाही.

मराठीतलं संशोधन वाचायचं असेल तर शोधगंगा आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या साईटवर देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो पीएचडी प्रबंध फुकट आहेत. लावणी, ऊसतोड कामगार, पश्चिम घाटातले बेडूक, काहीही शोधा. शब्द देवनागरीत आणि इंग्रजी स्पेलिंगने असे दोन्हीकडून टाका, कारण नावं दोन्ही तऱ्हेने भरलेली असतात. प्रबंध प्रकरणाप्रमाणे वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो, त्यामुळे डेटा पॅक संपायची भीती नाही. आधी शेवटचं निष्कर्षाचं प्रकरण उतरवा, पटलं तर मग पद्धतीचं.