हाताच्या मापाची गिटार

मिरजेचे कारागीर पुरुषांचा तंबोरा मोठा व स्त्रियांचा लहान करतात, ही गोष्ट आपल्याकडे कोणास नवी नाही. तेथे कारण गळ्याच्या पट्टीचे असते. स्पॅनिश गिटारीच्या बाबतीत मापाचा प्रश्न डाव्या हाताच्या बोटांमुळे उभा राहतो, आणि तिकडे नवशिक्यांचे लक्ष क्वचितच जाते.

या वाद्याला आजचे रूप दिले ते स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने. मेरूपासून घोडीपर्यंत तारेची लांबी त्याने बहुधा ६५० मिलिमीटर ठेवली आणि पुढे तेच माप रूढ झाले. १९६० च्या दशकात माद्रिदच्या रामिरेझ यांच्या ६६४ मिलिमीटरच्या गिटारी गाजल्या. आंद्रेस सेगोव्हिया त्या वाजवीत असे. पण त्याचा पंजा विलक्षण मोठा होता, हे त्याचे अनुकरण करणाऱ्या कितीकांच्या ध्यानीच आले नाही.

फरक दिसावयास क्षुल्लक आहे. पहिल्या पडद्यापासून चवथ्यापर्यंतचे अंतर ६६४ च्या वाद्यावर सुमारे १०० मिलिमीटर भरते, तर ६३० च्या वाद्यावर ९५. परंतु करंगळी आधीच पुरती ताणलेली असता हे पाच मिलिमीटरच जड जातात. स्वर फुटका येतो, मनगट दुखू लागते. आपल्या बोटांतच कला नाही असे समजून वाद्य खुंटीला टांगणाऱ्यांत मापाने फसलेलेही असतात.

पारख सोपी आहे. ६५० च्या गिटारीच्या पहिल्या पडद्यावर कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा. वाजती लांबी सुमारे ६१३ वर येते. अवघड पकड आता सुखाने बसली, तर ६४० किंवा ६३० चे वाद्य पाहावे. तरीही हात अवघडत असेल, तर अंगठ्याने दांडी आवळण्याची खोड आधी तपासावी.

रुंदीचे गणित निराळे. मेरूपाशी दांडी साधारणतः ५२ मिलिमीटर रुंद असते. बोटे आखूड पण जाड असतील तर लांबी कमी चालेल, रुंदी नव्हे; नाहीतर शेजारची तार मुकी होते. लहान हात म्हटला की पोरांचे वाद्य पुढे करणे म्हणूनच चुकीचे. त्याची दांडीही अरुंद असते.

शिवाय बाराव्या पडद्यावर तारांची उंची मोजावी. बारीक तारेखाली सुमारे ३ आणि जाड तारेखाली ४ मिलिमीटर पुरे होतात. अधिक असल्यास घोडीवरील हाडाची पट्टी खालून घासून ती उतरविता येते, आणि पुष्कळदा नव्या वाद्याचा खर्चच वाचतो.